जवान ‘नाही’ म्हणू शकतो का?

प्रश्न : मी वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. नातू सैन्यात आहे. अणुचाचण्यांच्या वेळी काही देशांनी आपल्याच सैनिकांना मुद्दाम स्फोटाजवळ ठेवलं होतं, हे खरं का? धोका पत्करायची तयारी ठेवूनच माणूस भरती होतो ना? मग त्यात गैर काय?
– एक वाचक, वरणगाव

उत्तर : खरं आहे, आणि गैरही आहे. सोव्हिएत संघाने १४ सप्टेंबर १९५४ रोजी तोत्स्कोये इथे युद्धसरावात खरा अणुबाँब टाकला. सरावात सुमारे ४५ हजार सैनिक होते. अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात जवानांना खंदकांत बसवलं आणि स्फोटानंतर पुढे चालायला लावलं. १९५७-५८ मध्ये ख्रिसमस बेटावर ब्रिटिश जवान स्फोटाकडे पाठ करून, डोळ्यांवर हात घेऊन बसले होते. डोळे मिटलेले असूनही आपल्याच बोटांची हाडं दिसली, असं त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे सांगितलं.

धोका तुम्हीही पत्करलात. पण काडतुसांत भरायची दारू किती धोक्याची, ठिणगी पडली तर काय होईल, हे तुम्हाला माहीत होतं. या जवानांना पुढच्या आयुष्यात काय वाढून ठेवलंय, ते कुणी सांगितलं नाही. युद्धात जवान देशाचं रक्षण करतो म्हणून धोक्यात जातो. इथे त्याच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो, हेही पाहायचं होतं. आणि त्याला नकार देता येत नाही. आपल्याकडेही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतात, आणि वरिष्ठांचा कायदेशीर आदेश मोडणं हा लष्करी कायद्यात गुन्हा आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला संमती कशी म्हणायची?

आपल्या मातीतलं उदाहरण अणुबाँबचं नाही, विषारी वायूचं आहे. १९३० च्या दशकात आणि पुढे महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. काहींना अर्धी चड्डी आणि सुती सदरा एवढ्याच कपड्यांत वायूच्या खोलीत पाठवलं. हिंदी माणसाची कातडी जास्त भाजते की कमी, हे त्यांना ताडून पाहायचं होतं! काही जण इतके भाजले की इस्पितळात ठेवावं लागलं.

पोखरणची गोष्ट वेगळी. १९७४ आणि १९९८ चे स्फोट जमिनीखाली झाले. लष्कराच्या इंजिनीअर तुकड्यांनी तिथे राबून तयारी केली. जवानांवर परिणाम तपासणं हा त्या चाचण्यांचा हेतू नव्हता.

आता भरपाईचं. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने ठरावीक कर्करोग झालेल्या अशा माजी सैनिकांना ‘आजार चाचणीमुळेच झाला हे सिद्ध करा’ या अटीतून सोडवलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१२ मध्ये माजी सैनिकांचे दावे मुदतबाह्य ठरवले, आणि २०२२ मध्ये सरकारने त्यांना पदक जाहीर केलं. माझ्या मते पदकाने हे देणं फिटत नाही. त्या जवानांच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांचे जे कागद असतील, ते आधी त्यांच्या कुटुंबांच्या हाती द्यायला हवेत.