मतमोजणीचा जागरूक साक्षीदार
२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आंबेगाव मतदारसंघाचा निकाल अवघ्या १,५२३ मतांच्या फरकाने लागला. आंबेगाव असो वा शेजारचा जुन्नर, अशा चुरशीत प्रत्येक केंद्रावरील आकडा मोलाचा ठरतो.

उमेदवाराने नमुना १८ अन्वये नेमलेल्या नागरिकास मोजणी प्रतिनिधी म्हणून मतमोजणी पाहता येते. शासकीय सेवकांस मात्र लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४-अ अन्वये मनाई आहे.

मतदान संपताच केंद्राध्यक्ष नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, म्हणजे नमुना १७-सीची, प्रत मतदान प्रतिनिधीस देतात. मोजणी प्रतिनिधीने ती जवळ बाळगावी. यंत्राचा क्रमांक, मोहोर व एकूण मते तिच्याशी ताडून पाहावीत. तफावत आढळल्यास निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे तत्काळ लेखी हरकत घ्यावी. शांतपणे केलेली अचूक नोंद हाच निकालावरील विश्वासाचा आधार होय.