उपकरणाला स्मृतीचा पत्ता कोण सांगतो?



व्हर्च्युअल मेमरीची व्याख्या आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. पण प्रोग्रामचे पत्ते जर आभासी असतील, तर हार्ड डिस्क किंवा नेटवर्क कार्ड स्मृतीतील नेमकी जागा कशी शोधते? या अंकात त्याचाच विचार करू.

आपल्या शाळेत रोल नंबर ५ प्रत्येक वर्गात असतो. जनरल रजिस्टरमधला क्रमांक मात्र एकाच विद्यार्थ्याचा असतो. आभासी पत्ता हा रोल नंबरासारखा, आणि रॅममधला खरा पत्ता हा जनरल रजिस्टरच्या क्रमांकासारखा. दोहोंचा मेळ पेज टेबल घालते. ही पद्धत प्रथम मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात (१९६२) आली.

उदाहरण घेऊ. एक पान ४०९६ बाइटचे आहे. प्रोग्रामने ८२०० हा पत्ता मागितला. ८२०० = २ × ४०९६ + ८, म्हणजे पान २, आतील स्थान ८. टेबलात पान २ समोर चौकट ७ लिहिली असेल, तर खरा पत्ता ७ × ४०९६ + ८ = २८६८०. हे भाषांतर प्रोसेसरमधील एमएमयू करते.

आता अडचण पाहा. मोठी फाइल वाचताना प्रत्येक बाइट प्रोसेसरने उचलला तर त्याचा सारा वेळ त्यातच जाईल. म्हणून उपकरण स्वतःच रॅममध्ये लिहिते व काम झाल्यावर प्रोसेसरला सूचना देते. यास डीएमए म्हणतात. पण उपकरण एमएमयूच्या वाटेने जात नाही. त्याच्याजवळ वर्गाचे हजेरीपत्रक नाही; त्याला रोल नंबर सांगून काय उपयोग?

जुना उपाय असा: ऑपरेटिंग सिस्टिम उपकरणाला खरे पत्ते देते. प्रोग्रामची सलग पाने रॅममध्ये विखुरलेली असू शकतात, म्हणून एका पत्त्याऐवजी पत्त्यांची यादी द्यावी लागते. शिवाय काम संपेपर्यंत ती पाने जागेवरून हलू दिली जात नाहीत. मध्येच ती जागा दुसऱ्या प्रोग्रामला मिळाली, तर उपकरण त्याच्या माहितीवर लिहून बसेल.

तरी एक धोका उरतोच. खरा पत्ता वापरणारे उपकरण रॅममध्ये कोठेही हात घालू शकते. म्हणून उपकरणे आणि रॅम यांच्यामध्ये आयओएमएमयू बसवले गेले. इंटेल त्यास व्हीटी-डी व एएमडी एएमडी-व्हीआय म्हणते. उपकरणासाठी वेगळे टेबल असते. त्यात नसलेली जागा त्याला मिळत नाही. विखुरलेली पानेही त्याला सलग दाखवता येतात. आता तर योग्य सोय असलेले उपकरण प्रोग्रामचेच आभासी पत्ते वापरू शकते, आणि पान रॅममध्ये नसेल तर ते मागवूही शकते.

पालक व विश्वस्त मंडळींनीही इकडे लक्ष द्यावे. २०१९ साली केंब्रिज व राइस विद्यापीठांच्या संशोधकांनी 'थंडरक्लॅप' या नावाने दाखवून दिले की, आयओएमएमयू असूनही ऑपरेटिंग सिस्टिम त्याचा नीट वापर करीत नसेल, तर थंडरबोल्टने जोडलेले दुष्ट उपकरण स्मृतीतील माहिती चोरू शकते. साधा पेन ड्राइव्ह स्वतः रॅममध्ये शिरत नाही; ते काम संगणकातील यूएसबी कंट्रोलर करतो. त्याचा धोका व्हायरसचा, म्हणजे वेगळा. पण अनोळखी उपकरण जोडू नये आणि सिस्टिमचे अपडेट टाळू नयेत, हे दोन्हीकडे लागू आहे. कुलूप असून चालत नाही, ते लावावेही लागते.

अभ्यासासाठी प्रश्न :
१) पान ३ समोर चौकट ५ असेल, तर आभासी पत्ता १२३०० चा खरा पत्ता कोणता? (उत्तर : २०४९२)
२) वरील उदाहरणात पान २ व ३ सलग आहेत. त्यांच्या चौकटी सलग आहेत का? मग आयओएमएमयू नसेल तर उपकरणाला काय द्यावे लागेल?

उत्तर पाठ करू नका. हजेरीपत्रक डोळ्यांसमोर आणून स्वतः मांडून पाहा.

— मुख्याध्यापक