चुंबकाभोवतीचे 'क्षेत्र' म्हणजे काय?

चुंबकावर पुठ्ठा ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरविण्याचा प्रयोग आपण सर्वच शिक्षक करून दाखवितो. कीस वक्र ओळींत मांडला जातो, मुले हरखून जातात आणि आपण फळ्यावर लिहितो, 'या बलरेषा होत.' एकदा वर्गात एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, दोन रेषांच्या मधल्या जागेत चुंबक ओढीत नाही काय?" मी त्यास खाली बसविले. प्रश्न मात्र त्याचाच योग्य होता.

त्या मोकळ्या जागेत लहानशी चुंबकसूची धरली, तर तीही ठराविक दिशेस वळते. म्हणजे क्षेत्र सर्वत्र आहे. रेषा हा त्याचा नकाशा. डोंगरावर समोच्चरेषा कोणी आखलेल्या नसतात, तसेच हे. किसाचा प्रत्येक कण स्वतः चुंबक बनून शेजारच्या कणास टोकाशी ओढतो, म्हणून ओळी दिसतात, इतकेच.

विद्युत्क्षेत्राची व्याख्या याहून सोपी आहे. एखाद्या बिंदूपाशी अल्प विद्युत्भार ठेवावा, त्यावरील बलास त्या भाराने भागावे. भार दुप्पट केला तर बलही दुप्पट होते, भागाकार बदलत नाही. तेव्हा ही राशी त्या जागेची, ठेवलेल्या भाराची नव्हे. चुंबकीय क्षेत्र मात्र स्थिर भारास ढळवीत नाही. भार गतिमान असेल तरच त्यावर बल येते, तेही गती व क्षेत्र या दोहोंस लंब दिशेने.

परंतु भार तेथे नसताना क्षेत्र खरोखर असते, की ती केवळ हिशेबाची सोय? फॅरडे यांस ते खरे वाटे. मॅक्सवेल यांनी 1865 साली त्यास गणिताचे रूप दिले आणि क्षेत्रातील बदल प्रकाशाच्या वेगाने पसरतो असे दाखविले; हर्ट्झ यांनी 1887-88 मध्ये अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. प्रकाशही अशीच लहर होय. सूर्यापासून निघालेला प्रकाश आपणांस सुमारे 8 मिनिटांनी पोचतो. मधल्या काळात ती ऊर्जा सूर्यात नाही, पृथ्वीवरही नाही; ती क्षेत्रातच असली पाहिजे. माझ्या मते व्याख्येपेक्षा हा दाखला मुलांस लवकर पटतो.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय मापने बिघडतील, म्हणून 1904 साली ते काम अलिबागेस सुरू झाले.

वर्गात हेच दाखविण्यास होकायंत्र, तार व एक सेल पुरे. तार सूचीच्या वर, दक्षिणोत्तर धरावी व क्षणभरच जोडावी. अधिक वेळ जोडल्यास तार तापते आणि सेल लवकर संपतो.