गणक आणि गणकयंत्र

वांद्रे (पूर्व) येथील शासकीय वसाहतीच्या परिसरात राज्याच्या भाषा संचालनालयाचे कार्यालय अनेक वर्षे राहिले आहे. राज्यकारभाराची मराठी परिभाषा घडविण्याचे काम १९६० साली स्थापन झालेल्या या संचालनालयाकडे आले. १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे जिल्हाधिकारी कार्यालयही याच परिसरात आहे. एका कार्यालयाचा व्यवहार शब्दांशी, तर दुसऱ्याचा क्षेत्र आणि आकार यांच्या आकड्यांशी. दोन्हीकडे सारखाच लागू पडणारा एक शब्द म्हणजे ‘कॅल्क्युलेटर’. हा शब्द मूळचा यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे.

लॅटिन भाषेत ‘कॅल्क्युलस’ म्हणजे लहान खडा. रोमन लोक हिशेबाच्या फळीवर खडे मांडून बेरीज-वजाबाकी करीत. त्यावरून हिशेब करणाऱ्यास व अंकगणित शिकविणाऱ्यास ‘कॅल्क्युलेटर’ म्हणू लागले. आपल्या शाळांतील खडे आणि चिंचोके मांडून केलेली मोजणी आठवली म्हणजे या व्युत्पत्तीचे नवल वाटत नाही. वैद्यकात मुतखड्याला आजही ‘कॅल्क्युलस’च म्हणतात. पास्कलने १६४२ साली बेरजेचे यंत्र रचण्यास आरंभ केला. पुढे अशी यंत्रे प्रचारात आल्यावर माणसाचे नाव हळूहळू यंत्राला चिकटले. ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचेही असेच झाले. तोही प्रथम आकडेमोड करणाऱ्या माणसाचाच वाचक होता.

मराठीत या अर्थाचा जुना शब्द ‘गणक’ हा आहे. ‘गण्’ म्हणजे मोजणे, या धातूपासून तो झाला. ज्योतिषी आणि गणिती हे त्याचे दोन्ही अर्थ रूढ होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त वाऱ्याने मोडलेल्या वेळूचे उदाहरण आहे. तेथे उत्तर विचारताना आचार्य विद्यार्थ्याला ‘गणक’ असेच संबोधतात. त्यांचा नातू चांगदेव याने या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

याच धातूपासून आलेला ‘प्रगणक’ शिक्षकांना विशेष परिचित आहे, कारण जनगणनेच्या वेळी घरोघर जाऊन नोंदी घेण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. प्रगणक हा माणूस, संगणक हे यंत्र. एका उपसर्गाने एवढा फरक पडला आहे. कॅल्क्युलेटरसाठी ‘गणकयंत्र’ आणि ‘परिकलक’ हे शब्द लेखनात आढळतात. ‘परिकलक’ यातील ‘कलन’ आणि लॅटिन ‘कॅल्क्युलस’ यांचे उच्चारसाम्य पाहून दोन्ही शब्द एकाच मुळाचे असावेत, असा समज होतो. तो बरोबर नाही. संस्कृत शब्द ‘कल्’ धातूचा आहे, लॅटिन शब्द खड्याचा. टिपणीत ‘गणकयंत्र’ लिहिणे अधिक सोयीचे, कारण त्यात गणक वेगळा आणि यंत्र वेगळे राहते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. साध्या गणकयंत्रावर २ + ३ × ४ असे क्रमाने दाबले तर उत्तर २० येते, कारण आलेली क्रिया ते लगेच उरकते. वैज्ञानिक गणकयंत्र गुणाकार आधी करून १४ देते. यांपैकी कोणते उत्तर हवे, हे गणकाने ठरवावयाचे असते.

जमिनीच्या हिशेबात ही गोष्ट फार महाग पडू शकते. जुन्या दप्तरांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते. २ एकर २० गुंठे हे क्षेत्र २-२० असे लिहिले असता, घाईत ते यंत्रावर २.२० असे घातले जाण्याचा संभव असतो. परंतु एकराचे गुंठे ४०; म्हणून २० गुंठे म्हणजे अर्धा एकर, आणि यंत्रावर घालावयाची संख्या २.५. यंत्र २.२० चा अर्थ २ एकर ८ गुंठे असाच घेते व पुढील सर्व आकडेमोड बिनचूक करते. अशा रीतीने खातेदाराचे १२ गुंठे कागदावरून नाहीसे होतात. भावाभावांच्या वाटणीत १२ गुंठ्यांवरून किती पिढ्यांचे वैर होते, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको.

हेक्टरमध्ये रूपांतर केल्यावर ही चूक ओळखणे आणखी कठीण जाते. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. अडीच एकरांचे १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर होतात, तर २.२० एकरांचे सुमारे ८९ आर. दोन्ही आकडे पाहणाऱ्यास सारखेच खरे वाटतात. याकरिता रूपांतरापूर्वी सर्व क्षेत्राचे गुंठे करावेत: दोन चाळीस ऐंशी, अधिक वीस, एकूण शंभर. मग शंभराला ४० ने भागून एकर काढावेत. हेक्टर, आर व चौरस मीटर वेगळे दाखविण्यासाठी १.०१.१७ असे दोन टिंबांनी लिहिलेले क्षेत्र यंत्रावर तसेच घालता येत नाही. तेथे ते १.०११७ असे घालावे लागते.