'करमत नाही' आणि 'काही नको'

उतारवयातील एकाकीपणासाठी मराठीत रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, 'करमत नाही'. नैराश्याला असे एखादे ठरलेले नाव घरात कोणी देत नाही, पण घरोघरी ऐकू येणारे एक वाक्य त्याच्या फार जवळ जाते : 'मला आता काही नको.' करमत नाही म्हणणाऱ्याला अजून काहीतरी हवे असते, शेजार, गप्पा, हाताला काम, ओळखीचा रस्ता. काही नको म्हणणाऱ्याचे हवेपणच आटत चाललेले असते. घरच्यांना मात्र पहिले वाक्य तक्रारीसारखे वाटते आणि दुसरे समाधानासारखे. ही गफलत प्रस्तुत लेखकाच्या घरात झाली आणि ती उमगायला सात महिने लागले.

लेखकाच्या आईची ३८ वर्षे डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या एका गल्लीत गेली. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा, वयाच्या ७२ व्या वर्षी, ती घोडबंदर रोडला कासारवडवलीत मुलाच्या सतराव्या मजल्यावरच्या घरी राहायला आली. स्वतंत्र खोली होती, स्वयंपाकाला बाई होती, दूध-भाजी मोबाइलवरून दारात येत होती. 'आयुष्यभर राबलीस, आता आराम कर,' असे तिला सगळ्यांनी मनापासून सांगितले. जून-जुलैमध्ये ती सुनेला 'इथे करमत नाही गं' म्हणत असे. गणपतीनंतर म्हणेनाशी झाली. आई रमली, असे घरात ठरून गेले.

वृद्धांमधील नैराश्य ओळखू येत नाही याचे कारण ते बऱ्याचदा उदास चेहऱ्याने येत नाही, शरीराच्या कुरबुरींतून येते. पहाटे तीनला जाग येणे, भूक मरणे, बद्धकोष्ठता, अंगदुखी, वजन घटणे. विसरभोळेपणा इतका वाढू शकतो की स्मृतिभ्रंश झाला असे वाटावे. आईचे ब्लाऊज खांद्यावरून उतरू लागले तेव्हा तिला जवळच्या डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब ठीक निघाला आणि 'वयोमानाने चालायचंच' एवढे ऐकून सगळे परत आले. त्या वाक्याने घरच्यांना धीर आला, हे आज आठवले की वाईट वाटते.

जानेवारीत जुने कालनिर्णय भिंतीवरून उतरवताना खरी गोष्ट दिसली. आई ते डोंबिवलीहून येताना गुंडाळून घेऊन आली होती. दुधाच्या पिशव्या, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे, कुणाचे बारसे, कुणाची एकसष्टी असे सगळे ती तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहीत असे. मेपर्यंतची पाने गच्च भरलेली होती. जुलैत पाच-सहा चौकोन, ऑगस्टमध्ये दोन. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत एकही अक्षर नव्हते. दुधाचा हिशोब ॲप ठेवत होते, गॅस पाइपने येत होता, बाईचे पैसे सून परस्पर देत होती. लिहिण्यासारखे काही उरलेच नव्हते.

जागेचाही यात वाटा असतो. घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या पट्ट्यात मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत एकेकाळच्या पाड्यांच्या जागी गेल्या काही दशकांत मनोरे उभे राहिले. इमारतीच्या आत लिफ्ट, बाग, क्लबहाउस आहे. फाटकाबाहेर अवजड वाहनांचा महामार्ग, सर्व्हिस रोड आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे. रस्ता ओलांडायला तरुण माणूस कचरतो, तिथे सत्तरीतला माणूस फाटकाच्या आतच थांबतो. डोंबिवलीत दार दिवसभर उघडे असे आणि येणाऱ्याला निमित्त लागत नसे. इथे पाहुण्याला फाटकावर नाव सांगावे लागते आणि परवानगीची सूचना मालकाच्या मोबाइलवर जाते. ऑक्टोबरात आईची जुनी शेजारीण लोकलने ठाण्याला उतरून, पुढे टीएमटीच्या बसने भेटायला आली. मुलगा मीटिंगमध्ये होता, सूचना पाहिली गेली नाही. सत्तरीची बाई वीस मिनिटे फाटकाशी उभी राहिली. त्यानंतर ती आली नाही, आणि आईनेही तिला ये म्हटले नाही. फाटकाच्या नोंदीत आईचा स्वतःचा नंबर घालायला नंतर पाच मिनिटेही लागली नाहीत.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या सुमारे ८ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणे आढळली, तर तसे निदान झाल्याचे सांगणारे एक टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक नात्यांसाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्याच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने ग्रासलेला आहे.

उपायांत सर्वांत आधी येते ते काढून घेतलेले काम परत देणे. हे काम खरे हवे, ते केले नाही तर कुणाचे तरी अडले पाहिजे. मन रमावे म्हणून हातात दिलेली रंगवायची वही आणि घरातल्या चौघांची भाजी यांतला फरक वृद्ध माणसाला लगेच कळतो. आईकडे आठवड्यातून तीन दिवस भाजी आणि कामवाल्या बाईंचा हिशोब आला. पहिल्या दिवशी तिने मेथीची जुडी उलटीसुलटी करून परत ठेवली, भाव पटला नाही म्हणून. भाजीवाल्याशी तिने घातलेली हुज्जत हे घरात बऱ्याच महिन्यांनी ऐकू आलेले तिचे सर्वांत लांब बोलणे होते. पुरुषांच्या बाबतीत हे रितेपण निवृत्तीच्या दिवशी एकदम अंगावर येते. बायकांच्या बाबतीत ते स्वयंपाकघर सुटते तेव्हा येते आणि त्याचा निरोप समारंभ होत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

माणसांत मिसळण्यासाठी ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि तीच ती माणसे लागतात. ठाणे आणि डोंबिवली परिसरात ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे आहेत. राज्यभरातल्या अशा संघांचा महासंघ 'फेसकॉम' या नावाने ओळखला जातो. पण पत्ता देऊन 'जाऊन ये' म्हटल्याने कोणी जात नाही. खचलेल्या माणसाला अनोळखी पंचवीस चेहऱ्यांसमोर जाणे डोंगराएवढे वाटते. पहिल्या तीन-चार वेळा घरातल्या कोणीतरी सोबत जावे, थोडा वेळ बसावे, एका-दोघांशी नावानिशी ओळख करून द्यावी. जुनी नाती तोडूनही चालत नाही. महिन्यातून एकदा जुन्या वस्तीत नेऊन आणणे आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेला डोंबिवलीत मुक्काम ठेवणे हे औषधाइतकेच नेमाने करावे लागते. १९९९ मध्ये ही यात्रा सुरू झाली तेव्हापासून आई त्यात चालत होती. कोरे कालनिर्णय सापडले त्यानंतरचा पाडवा चुकवायचा नाही, हे घरात सर्वांत आधी ठरले.

कान आणि डोळे तपासणे हा एकाकीपणावरचा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. सोसायटीतल्या भजनी मंडळात आई दोनदा गेली आणि नंतर 'मला नाही आवडत' म्हणाली. तिला पेटी ऐकू येत होती, पण बायकांचे आपापसातले बोलणे कळत नव्हते. चारचौघांत परत परत 'काय म्हणालात?' विचारण्याची लाज वाटून माणूस जाणेच बंद करतो. श्रवणयंत्र आणले की काम झाले, असे नसते. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही कानठळ्या बसवतो. रोज थोडा थोडा वेळ वाढवत आणि यंत्र पुन्हा जुळवून घेत काही आठवडे काढावे लागतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नसेल किंवा मन सतत खिन्न असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. डॉक्टर आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन अशा तपासण्या करतात आणि चालू गोळ्यांची यादी पाहतात, कारण यांतले काहीही नैराश्यासारखे दिसू शकते. वृद्धांसाठी १५ प्रश्नांची एक चाचणीही वापरली जाते, उत्तरे फक्त हो किंवा नाही. झोप, भूक, दुखणे यांचे प्रश्न तिच्यात नाहीत, कारण त्या तक्रारी वयामुळेही असतात. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे. घरातून निघणे जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी नंबर आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि 'आठ दिवस घेऊन फरक नाही' म्हणून त्या बंद करणे ही नेहमीची चूक आहे. काही गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरते. त्यामुळे गोळ्या सुरू झाल्यावर गुंगी, गोंधळ किंवा तोल जाणे दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

'देवाने आता न्यावं' हे वाक्य मराठी घरांत इतके रुळलेले आहे की ते कोणी ऐकतच नाही. ते ऐकले पाहिजे. शेजारी बसून सरळ विचारावे, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकाराकडे झुकणारे असेल तर माणसाला एकटे सोडू नये, औषधांचा साठा आपल्या ताब्यात घ्यावा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

बरे वाटू लागल्यावरही उपचार काही महिने चालू राहतात आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी होतात. नैराश्य परत येऊ शकते, म्हणून घराने स्वतःची एखादी खूण ठरवावी. लेखकाच्या घरी नवे कालनिर्णय आता आईच्या खोलीऐवजी स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी लावलेले आहे आणि त्याला दोरीने पेन बांधलेले आहे. मेथी, बाईचा खाडा, संघाची सहल, कानाच्या यंत्राचा सेल बदलला ती तारीख, असे काय काय त्यावर असते. पान उलटताना कोरे चौकोन मोजले जातात. सलग आठ-दहा कोरे दिसले की तिच्याजवळ बसून विचारपूस होते आणि डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडे घेतली जाते.