तांबड्या वाइनचें तळघर आणि शेताचें नांव

द्राक्ष हें नाशवंत पीक आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. घड तोडल्यावर शेतकऱ्यास दिवस मोजावे लागतात, आणि ज्यास दिवस मोजावे लागतात तो भावांत नेहमीं कमी पडतो. इटलीच्या वायव्येस पिएमोंते प्रांतांत लांगे नांवाच्या टेकड्या आहेत. तेथील लहान शेतकऱ्यांनीं या अडचणीवर जो उपाय काढिला, तो बारोलो गांवाजवळच्या एका कुटुंबाच्या मळ्यांत व तळघरांत आम्हांस पाहावयास मिळाला. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. विषय पिकाचा व हिशेबाचा आहे, एवढें आरंभींच सांगून ठेवितों.

मळा : बारोलो या नांवाची वाइन ११ गांवांच्या हद्दींतच करितां येते, आणि द्राक्षाची जात एकच, नेब्बिओलो. ही जात उशिरां पिकते. तोडणी बहुधा ऑक्टोबरांत होते. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला उन्हाचा उतार तिला देतात. थंड उतारावर हेझेलनट किंवा दुसरें पीक घेतात. माती चुनखडीची व चिकण आहे. ला मोर्रा गांवाकडील वाइन लवकर मऊ होते, तर सेर्रालुंगा गांवाकडील वाइनला अधिक वर्षें लागतात. उत्पन्नाची कमाल मर्यादा कायद्यानेंच ठरविलेली आहे : हेक्टरीं ८ टन, म्हणजे एकरीं सुमारें सव्वातीन टन. आमच्याकडील खाण्याच्या द्राक्षांच्या बागाइतदारास हें उत्पन्न फारच थोडें वाटेल. परंतु तेथें वजनाला किंमत नसून गुणाला आहे.

तळघर : नेब्बिओलोचा रंग फिका, पण तुरटपणा जबर असतो. हे दोन्ही गुण सालींत असून बियांतही तुरटपणा असतो. म्हणून रस साली व बियांसह आंबवितात. आंबतांना साली वर तरंगतात. जुन्या पद्धतीच्या घरांत त्या दाबून रसाखालीं बुडवून ठेवितात, आणि असें ३० ते ६० दिवस चालूं देतात. त्यानंतर वाइन ओक लाकडाच्या मोठ्या पिंपांत जाते. एकेका पिंपांत दोन ते पांच हजार लिटर, कांहींत त्याहूनही अधिक, वाइन मावते. १९८० नंतर अनेकांनीं २२५ लिटरचीं लहान फ्रेंच पिंपें आणिलीं. लहान पिंपांत दर लिटरमागें लाकडाचा स्पर्श अधिक होतो, त्यामुळें वाइनला लाकडाचा वास व चव लागते. यावरून जुन्या व नव्या मताच्या घरांत मोठा वाद झाला. मोठ्या पिंपांत हवा अगदीं सावकाश शिरते. तुरटपणा निवळतो, पण फळाचा व मातीचा गुण झांकला जात नाहीं, असें जुन्या मताचें म्हणणें आहे.

हिशेब : तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने, त्यांपैकीं निदान १८ महिने लाकडांत, वाइन मुरविलीच पाहिजे, असा नियम आहे. 'रिझेर्वा' म्हणावयाची असल्यास ६२ महिने. म्हणजे २०२० च्या तोडणीची वाइन १ जानेवारी २०२४ पूर्वीं विकतां आली नाहीं. तीन वर्षांचें पीक तळघरांत अडकून पडलें असतां घर चालतें कसें, हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम आला. उत्तर मळ्यांतच आहे. सर्व जमीन नेब्बिओलोस न देतां कांहीं भागांत दोल्चेत्तो व बार्बेरा या जाती लावितात. दोल्चेत्तोची वाइन दुसऱ्याच वर्षीं विकली जाते. तिच्यावर मजुरी व घरखर्च भागतो. मुरणाऱ्या मालाचा भार न मुरणाऱ्या मालानें वाहावा, हा या घरांचा पाया होय.

नांव : दुसऱ्या महायुद्धानंतर येथील पुष्कळ शेतकरी आपलीं द्राक्षें दलालांमार्फत व्यापाऱ्यांस विकीत. तरुण मंडळी तूरिन शहरच्या मोटार कारखान्यांत जात. पुढें हळूहळू अनेक कुटुंबांनीं आपला माल आपणच बाटलींत भरावयास आरंभ केला. १९६६ सालीं बारोलोस कायद्याचें संरक्षण मिळालें व १९८० सालीं तें अधिक कडक झालें. २०१० सालीं प्रत्येक शेतविभागाचीं नांवें व सीमा अधिकृत यादींत नोंदल्या गेल्या. मुलकी खात्यांत हयात घालविलेल्या आम्हांस हा भाग विशेष वाटला. आमच्याकडे शेताचें नांव सातबाऱ्यांत पडून राहतें; तेथें तें बाटलीवर छापून किंमत मिळवितें.

परंतु नांव जितकें मोलाचें तितकेंच नाजूक. १९८६ सालीं इटलींत स्वस्त वाइनमध्यें मिथाइल अल्कोहोल मिसळल्यानें वीसांहून अधिक माणसें दगावलीं. दोष थोड्यांचा, पण परदेशांतील मागणी सर्वांचीच घसरली.

आपणांस बोध : महाराष्ट्रांत २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें सरकारी धोरण जाहीर झालें, आणि नाशिककडील अनेक बागाइतदार आज वाइनचीं द्राक्षें करारानें कारखान्यांस देतात. नेब्बिओलोची जात आणून येथें बारोलो होणार नाहीं. हवा, माती व हंगाम सर्वच निराळे. परवान्यावांचून वाइन करणें हा तर गुन्हाच होय. घ्यावयाची ती शिस्त. करारावर सही करण्यापूर्वीं बंधूंनीं तीन गोष्टी पाहाव्या : भाव वजनावर आहे कीं गुणावर; माल नाकारल्यास तो कोणाच्या माथीं; आणि पैसे हातीं येईपर्यंत घर चालविणारें दुसरें पीक शेतांत आहे कीं नाहीं. तिसऱ्याचें उत्तर 'नाहीं' असेल, तर सर्व जमीन एका पिकाखालीं घालूं नये.