एचडी कॅसेट संगणकात उतरवताना आवाज जातो कोठे?

लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या अनेक बांधवांना अलीकडे एक जुने काम नव्याने मिळू लागले आहे. साधारण २००५ ते २०१२ या काळात निकाह-वलीम्याचे जे चित्रीकरण एचडी कॅमेऱ्यांवर झाले, त्याच्या कॅसेटी व कार्डे घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. कॅमेरे विकले गेले किंवा बिघडले. लोक आता तेच चित्रीकरण पेनड्राइव्हवर मागतात. काम हलाल मेहनतीचे आहे आणि दोन पैसेही मिळतात. तक्रार मात्र एकच ऐकू येते: चित्र आले, पण आवाज आला नाही, किंवा आला तो ओठांशी जुळत नाही.

(चित्रीकरणाच्या जायज-नाजायजची चर्चा उलेमांची आहे. येथे आम्ही गिऱ्हाइकाने हाती दिलेल्या अमानतीपुरतेच बोलत आहोत.)

गेल्या ईदनंतर आमच्या दुकानात एक भगिनी २००८ सालच्या आपल्या निकाहाची कॅसेट घेऊन आल्या. वडिलांचा इंतकाल झालेला. निकाहाच्या मजलिसीत वडील चार शब्द बोलले होते आणि त्यांचा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू घरात उरली होती. आमच्या कामगाराने कॅसेट उतरवली, एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये टाकली आणि म्हणाला, "भाईजान, हिच्यात आवाजच नाही." आम्हीही फारशी चौकशी न करता त्या भगिनीला फोनवर तसेच सांगून टाकले. ही चूक आमची. आवाज कॅसेटवर होता.

म्हणून प्रथम ही गोष्ट ध्यानात घ्यावी की आवाज चार ठिकाणी हरवू शकतो: मूळ रेकॉर्डिंगमध्ये, केबलवरून उतरवताना, एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये आणि शेवटी रूपांतर करताना. मूळ कॅसेट कॅमेऱ्यात घालून हेडफोनने ऐकावी. तेथे आवाज असेल तर दोष पुढचा आहे. नंतर उतरवलेली फाइल व्हीएलसी प्लेअरवर वाजवावी. तेथेही आवाज येत असेल तर उतरवण्याचे काम ठीक झाले आहे, दोष एडिटिंगच्या प्रोग्रॅमचा आहे. या परीक्षेला दहा मिनिटे लागतात. ती केल्याशिवाय गिऱ्हाइकाला काहीही सांगू नये.

असे का होते? कॅसेटवरील एचडी पद्धत, म्हणजे एचडीव्ही, ही कॅनन, जेव्हीसी, शार्प व सोनी या कंपन्यांनी २००३ साली ठरवली. कॅसेट तीच जुनी मिनी डीव्ही, परंतु आत चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेले असते आणि आवाजही एमपेग लेयर-२ या पद्धतीने दाबलेला असतो. जुन्या डीव्हीमध्ये आवाज न दाबता साधा ठेवत, म्हणून तो कोणत्याही प्रोग्रॅमला कळे. एचडीव्हीची एमटूटी फाइल काही प्रोग्रॅम उघडतात, चित्र दाखवतात आणि आवाजाचा ट्रॅक सोडून देतात. कार्डवरील एव्हीसीएचडी ही २००६ सालची सोनी-पॅनासॉनिकची पद्धत. तिच्यात आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीचा असतो. तो उघडणारा कोडेक सर्वच संगणकांत असतो असे नाही. संगणक बदलला, विंडोज नवीन घातली आणि कालपर्यंत येणारा आवाज आज येईनासा झाला, याचे कारण बहुधा हेच.

उपाय सोपा आहे. चित्राला हात न लावता फक्त आवाज साध्या वेव्ह पद्धतीत, ४८ किलोहर्ट्झवर काढून घ्यावा. एफएफएमपेगने हे होते. आज्ञा लिहिण्याची सवय नसेल तर शटर एन्कोडर हा मोफत प्रोग्रॅम तेच काम बटणांनी करतो. फाइलमध्ये कोणत्या पद्धतीचा आवाज आहे हे मीडियाइन्फो सांगतो. तो प्रोग्रॅमही मोफत आहे. चोरीची सॉफ्टवेअरे वापरण्याची येथे गरजच नाही.

आता उतरवण्याविषयी. एचडीव्ही कॅसेट फायरवायर केबलनेच उतरते. सोनीच्या कॅमेऱ्यावर हिलाच आय-लिंक म्हणतात. बाजारात एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला छोटे फायरवायर असलेली स्वस्त केबल मिळते, तिच्यावर पैसे घालवू नयेत. या कामाला ती चालत नाही. संगणकात फायरवायरचे कार्डच बसवावे लागते. विंडोज ८ पासून जुना 'लेगसी' ड्रायव्हर सोबत येत नाही, तो वेगळा घालावा लागतो. त्यावाचून पुष्कळदा कॅमेरा दिसतच नाही. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायर काढूनच टाकले. तेव्हा जुना चालू संगणक भंगारात देण्यापूर्वी विचार करावा.

केबल लावताना कॅमेरा व संगणक दोन्ही बंद ठेवावेत. सहा पिनांचे टोक घाईत उलटे दाबून बसवल्याने पोर्ट जळालेले कॅमेरे आम्ही पाहिले आहेत. हे कॅमेरे आता नवीन मिळत नाहीत.

कॅमेऱ्याच्या मेनूत दोन गोष्टी पाहाव्यात. 'आय-लिंक कन्व्हर्ट' चालू असेल तर एचडी चित्र डीव्ही होऊन बाहेर पडते, गिऱ्हाइकाला एचडी मिळतच नाही. आणि 'एचडीव्ही/डीव्ही' निवड कॅसेटप्रमाणे ठेवावी. ही निवड केबल लावण्याआधी करावी. एकाच कॅसेटवर अर्धे डीव्ही व अर्धे एचडीव्ही असेल तर दोन्ही तुकडे वेगवेगळे उतरवावेत. डीव्हीमध्येही काही ठिकाणी १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ आणि काही ठिकाणी १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ आवाज असतो. ही सरमिसळ एका फाइलमध्ये आली की पुढचा आवाज चिरका होतो किंवा वेग बदलतो.

सर्वांत जास्त त्रास ड्रॉपआउटचा. डीव्हीमध्ये टेपवर एक डाग आला तर एखादी फ्रेम बिघडे. एचडीव्हीमध्ये आपल्याकडील पद्धतीत १२ फ्रेम एका गटात बांधलेल्या असतात, म्हणून एक डाग सुमारे अर्धा सेकंद खातो आणि त्याच वेळी आवाजही बंद पडतो. पुढे रूपांतर करणारा प्रोग्रॅम ती फट मिटवून टाकतो. चित्र व आवाज सारखे कापले गेले नाहीत की तेथून शेवटपर्यंत सगळे अर्धा सेकंद सरकते. वर सांगितलेल्या कॅसेटमध्ये नेमके हेच झाले होते. आवाज सापडला, पण दूल्ह्याचे ओठ हलण्याआधीच "कबूल है" ऐकू येत होते. अशा वेळी सबंध फाइलचा आवाज पुढे-मागे सरकवून काही साधत नाही, कारण आधीचा भाग जुळलेला असतो. ड्रॉपआउटच्या जागी फाइल कापावी आणि तुकडे वेगवेगळे रूपांतरित करावेत. एचडीव्हीस्प्लिट हा मोफत प्रोग्रॅम प्रत्येक शॉटची वेगळी फाइल करतो, त्यामुळे एका शॉटचा दोष दुसऱ्यात जात नाही.

कार्डाच्या बाबतीत दोनच गोष्टी. कार्डावरील एमटीएस फाइली सुट्या उचलू नयेत, संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवावे. लांब खुतबा किंवा बयान कॅमेरा २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत ठेवतो. सुटे तुकडे जोडले की सांध्यावर आवाज किंचित तुटतो. दुसरे, हँडीकॅमवर ५.१ आवाज असेल तर समोरच्या माणसाचे बोलणे बहुतांशी मधल्या चॅनलवर असते. प्रोग्रॅमने फक्त डावा-उजवा चॅनल घेतला तर मंडपातील गोंगाट येतो आणि काझीसाहेब पुटपुटल्यासारखे वाटतात. सहाही चॅनल मिसळून स्टिरिओ करावा.

चित्राचे थोडक्यात. माणसे उभट व बारीक दिसली तर १४४० चे चित्र १९२० पर्यंत ताणले गेलेले नाही असे समजावे. हालचालीत चित्र थरथरले तर फील्डचा क्रम पाहावा. एचडीमध्ये वरचा फील्ड आधी असतो, डीव्हीमध्ये खालचा.

मूळ उतरवलेली फाइल काम संपेपर्यंत पुसू नये. तासाला ११-१२ जीबी लागतात, हार्ड डिस्क त्या मानाने स्वस्त आहे. आमच्या कॅसेटवर वडिलांच्या बोलण्यात एक ड्रॉपआउट होता आणि हेड साफ करूनही तो जाईना. शेवटी शेजारच्या गावातील एका फोटोग्राफर बांधवाकडून त्याच कंपनीचा दुसरा कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणला. त्याच्यावर ती जागा स्वच्छ वाजली. त्या भगिनीने दोन पेनड्राइव्ह करून घेतले, दुसरा कुवेतमधील भावासाठी. पहिल्या फोनबद्दल आम्ही माफी मागितली आणि दुरुस्तीच्या तासांचे पैसे बिलात धरले नाहीत.